१९८५ ची हायलक्स रोजही चालवायचीय आणि दगडधोंड्यातही न्यायचीय, सुरुवात कुठून करू?

कच्चा_रस्ता:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. माझ्याकडे १९८५ ची टोयोटा हायलक्स आलीय, फोर बाय फोर, २२आर पेट्रोल इंजिन कार्ब्युरेटरवालं, पाच गियर, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). प्लेटवरच्या कोडवरून डिफ (ॲक्सलमधले डिफरेन्शियल गियर) ४.१० चे आहेत असं कळलं. टायर २३५/७५ आर १५. गाडी चालू आहे, रोज कामाला हीच नेतो, दुसरी गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र नदीपात्र, दगडी चढ, चिखल असल्या ठिकाणी न्यायचीय.

डोक्यात यादी अशी आहे: ४ इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), ३३ इंची मड टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), हौद्यावर रॅक. आता प्रश्न असा की हे सगळं एकदम काढलं तर गाडी दोन महिने स्टँडवर राहणार आणि मी कामाला जाणार कसा? म्हणून एकेक करायचंय, सोमवारी सकाळी गाडी चालू पाहिजे या हिशोबाने. पहिलं काय करू, आणि या यादीत काही चुकतंय का तेही सांगा. जीव लागलाय या गाडीवर, घाईत वाट लावायची नाहीये.

ग्रीसगन:
गाडी छान निवडलीस. मी अशीच एक गेली अकरा वर्षं रोज चालवते त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

तुझ्या यादीत पहिली ओळच नाहीये. जुनी गाडी आधी जुनी म्हणून नीट करायची, मग बाकीचं. मोठे टायर लावले की प्रत्येक कच्चा भाग अजून कच्चा होतो, बुश, बेअरिंग, स्टिअरिंगचे जॉइंट, ब्रेक सगळंच. म्हणून एक आख्खा दिवस काढ, गाडी नीट स्टँडवर घे (नुसत्या जॅकवर खाली घुसू नकोस) आणि हातोडी घेऊन चेसी ठोकत जा. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसीला रिव्हेट केलेत तिथे, आणि चेसीच्या बंद भागात आतून गंज लागतो, वरून रंग चांगला दिसतो. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पोपडा निघाला तर बाकीची सगळी यादी बाजूला ठेव आणि आधी चेसी.

मग इंजिन. २२आर फार दणकट आहे पण १९८३ पासूनच्या इंजिनांना टायमिंग चेन एकेरी आहे आणि चेनच्या गाईड प्लॅस्टिकच्या. गाईड तुटली की चेन टायमिंग कव्हर आतून कापत जाते आणि शेवटी कुलंट ऑइलमध्ये उतरतं. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येते का ऐक. व्हॉल्व्ह कव्हर काढून बॅटरी मारून खाली बघितलं की गाईडचा वरचा भाग दिसतो. हे जंगलात तुटण्यापेक्षा घरी बदललेलं बरं, रेडिएटर, होज पाईप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप त्याच वेळी उरकून घे कारण तोवर सगळं उघडंच असतं.

आणि पुढच्या ॲक्सलच्या टोकांना जे गोल नकल (चाक वळतं ते सांधे) आहेत ना, त्यांच्या मागे बोट फिरवून बघ. तिथे घट्ट काळं ग्रीस असायला पाहिजे, पातळ रस्सा ओघळत असेल तर ॲक्सलच्या आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. बघून इथे लिही.

पाटेवाला:
ग्रीसगन ताईंशी शंभर टक्के सहमत, मी फक्त लिफ्टबद्दल बोलतो.

४ इंच कशासाठी पाहिजे हे आधी स्वतःला विचार. सॉलिड ॲक्सलमध्ये लिफ्ट केल्याने डिफ जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, तो फक्त टायरने वर जातो. लिफ्टने बॉडी वर जाते, चढाच्या सुरुवातीला आणि उतरताना बंपर टेकत नाही, मोठ्या टायरला जागा मिळते, बस. त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते: गाडी वळणावर झुलते, वारा असेल तर हायवेवर दमवते, चढाय-उतरायला त्रास.

आणि या मॉडेलचं एक खास दुखणं. स्टिअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतचा दांडा यात आडवा नाही, मागे-पुढे जातो. पाटा वर-खाली झाला की ॲक्सल थोडा मागे-पुढे सरकतो आणि दांडा आपोआप चाक वळवतो. मूळ उंचीला हे फारसं जाणवत नाही, पण ४ इंच वर घेतलं की दांड्याचा कोन तिरका होतो आणि जोरात ब्रेक मारला, नाक खाली गेलं की गाडी स्वतःहून एका बाजूला जाते. ओल्या रस्त्यावर पुढे ट्रक थांबलेला असताना हा अनुभव मी घेतलाय, पुन्हा नको. उपाय आहे, १९८६ नंतरच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स बसवून दांडा आडवा करतात, पण त्यासाठी चेसीवर वेल्डिंग आलं, नवीन आर्म आले, म्हणजे ते वेगळंच मोठं काम झालं. दीड ते दोन इंचाचे चांगले पाटे घेतलेस तर हे सगळं टळतं.

पाटेच बदल, जुन्या दमलेल्या पाट्यांखाली ब्लॉक घालू नकोस. पुढे तर ब्लॉक कधीच नाही, ब्रेकच्या वेळी सगळा जोर पुढच्या ॲक्सलवर येतो आणि ब्लॉक सरकला तर ॲक्सलच सरकला. यू बोल्ट नवीनच घ्यायचे, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत, आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पान्याने बघायचे. शॅकल आणि पाट्यांच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, हवेत लटकत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण विसरतात: मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी वर चेसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाते. हौद्यात वजन पडलं की गाडी खाली बसते आणि तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्ट केली की त्याला वाटतं गाडी कायमची रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कायमचे मऊ. दांडीचा ॲक्सलवरचा ब्रॅकेट तेवढाच वर उचलून घ्यायचा, दोन इंच लिफ्ट तर दोन इंच. ब्रेकचे रबरी पाईपही ॲक्सल पूर्ण लटकवून बघायचे, ताणले जात असतील तर लांब घ्यायचे.

दात_मोजणारा:
टायरचा आकार आधी ठरव, बाकी सगळं त्याच्या मागून येतं, म्हणून थोडं गणित.

तुझा आत्ताचा २३५/७५ आर १५ म्हणजे साधारण २८.९ इंच व्यास. ३१ चा लावलास तर डिफ जेमतेम २७ मिलिमीटर वर जाईल, ३३ चा लावलास तर ५२. ऐकायला ३३ भारी वाटतो. पण आता गियरचं बघ. ४.१० ला ३३ भागिले २८.९ ने गुणलं तर ४.६८ येतं, म्हणजे आत्ता जसा पिकअप आहे तसाच ठेवायला तेवढा डिफ पाहिजे आणि मिळणाऱ्यातला पुढचा ४.८८. ३१ ला तोच हिशोब ४.४० येतो. तिथे ४.१० वर गाडी चालते, पाचवा गियर फक्त सपाटीला उरतो, ४.५६ घातलास तर मस्त. २२आर मध्ये ताकद मोजकीच आहे, ३३ आणि ४.१० घेऊन रोज चढावर तिसऱ्यात रडत जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात, क्लचही लवकर जातो.

स्पीडोमीटरही खोटं सांगायला लागतो. काटा ८० वर असताना ३१ वर खरा वेग साधारण ८६, ३३ वर ९१. आणि चाकाचं वजन वाढलं की थांबायला जास्त अंतर लागतं, हे रोजच्या गर्दीत लक्षात ठेवायची गोष्ट आहे.

प्लेटवर विसंबू नकोस, इतक्या वर्षांत कुणी डिफ बदलला असेल तर प्लेट बदलत नाही. पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला सरकू नये म्हणून दगड लाव, मागचं दुसरं चाक उचलून स्टँडवर घे, गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागच्या डिफला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण कर आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव. शाफ्ट चार फेरे आणि वर थोडासा फिरला तर ४.१०, साडेचारच्या जरा पुढे गेला तर ४.५६. (एक चाक जमिनीला धरलेलं असतं म्हणून दोन फेरे, एक नाही.) मागचा उघडायची वेळ आली तर दात मोज: ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४१ आणि ९ म्हणजे ४.५६, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. बदललास तर पुढचा-मागचा दोन्ही सारखे बदलायचे, नाहीतर फोर व्हीलमध्ये दोन ॲक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी तोडतील.

रिमची रुंदी पण बघ, ३१×१०.५० ला ७ ते ९ इंची रिम लागते.

कच्चा_रस्ता:
बाप रे, एवढं कोणी एका संध्याकाळी लिहून देईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. लिफ्ट दोन इंचावर आणतोय, पटलं. ३३ सोडायला जड जातंय पण गणितापुढे काय बोलणार. रविवारी गाडी वर घेतो आणि सगळं बघून लिहितो. तोवर लॉकरचं सांगा कुणीतरी, रोजच्या गाडीला ऑटोमॅटिक लॉकर चालतो का?

चौथं_चाक:
चालतो. मी मागे ऑटोमॅटिक लॉकर लावून सहा वर्षं रोज चालवतोय. साध्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की सगळा जोर तिथेच फुकट जातो आणि जमिनीवरचं चाक बघत बसतं. लॉकर लावला आणि ज्या चढावर तीनदा मागे यायचो तिथे पहिल्या दमात छोट्या गियरमध्ये हळू चढून गेलो. वळताना टकटक आवाज येतो, पार्किंगमध्ये कधी ठक्क होतं, लोक वळून बघतात, सवय होते. सोपा आहे, पाईप नाही वायर नाही, बिघडायला काही नाही. मी तर म्हणतो विंचच्या आधी लॉकर.

ग्रीसगन:
चौथं_चाक दादा, तुमचा अनुभव खरा आहे पण मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. याची गाडी मागून हलकी, हौदा रिकामा, व्हीलबेस फार लांब नाही. ओल्या रस्त्यावर वळणात गॅस दिला की ऑटोमॅटिक लॉकर मधेच धरतो आणि मागची बाजू बाहेर ढकलतो. तुम्हाला सहा वर्षांत पायाला सवय झालीय, त्याला नाहीये आणि कधी घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी नेली तर त्यांनाही नसणार. मी स्वतः दोन पावसाळे तसा चालवला आणि काढून हवेवर चालणारा, बटणाने लागणारा लावला. काम जास्त, पण त्याच्यासोबत जो कॉम्प्रेसर येतो त्यातून टायरही भरता येतात, म्हणजे एका खर्चात दोन कामं.

विंचच्या आधी लॉकर हे मात्र मान्य. विंच आणि लोखंडी बंपर मिळून ७०-८० किलो सहज होतात आणि ते सगळं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं. ते लावायचं नक्की असेल तर पाटे घेतानाच तेवढं वजन धरून घे, नाहीतर दोन इंच लिफ्टमधला एक इंच बंपर खाऊन टाकेल.

चौथं_चाक:
पावसाचं म्हणणं मान्य आहे ताई. माझ्याकडे हौद्यात कायम हत्यारांची पेटी असते, जड आहे, कदाचित त्यामुळे मला तेवढं जाणवलं नसेल. रिकाम्या हौद्याला बटणवाला बरा.

कच्चा_रस्ता:
रविवारचा रिपोर्ट. चेसी पूर्ण ठोकून बघितली, मागच्या हँगरपाशी वरवरचा गंज आहे, घासून लोखंड चांगलं निघालं, प्रायमर मारला. खडूवाली युक्ती केली, शाफ्ट चार फेऱ्यांच्या किंचित पुढे, म्हणजे ४.१० च. चेन थंडीत वाजत नाही, कव्हर काढून पाहिलं तर गाईड लोखंडी पाठीच्या आहेत, आधीच्या मालकाने बदललेल्या दिसतात, जीवात जीव आला.

वाईट बातमी पुढच्या नकलची. एका बाजूने अगदी ताईंनी लिहिलंय तसा पातळ काळा रस्सा, टायरच्या आतल्या बाजूपर्यंत ओघळलाय. आणि त्याच बाजूचं चाक वर-खाली धरून हलवलं तर थोडा खेळ आहे. हे आधी करू का पाटे आधी?

दात_मोजणारा:
नकल आधी, पण थांब, इथे तुझा एक फेरा वाचवता येईल.

या गाडीचा डिफ मागे झाकण उघडून करायचा नसतो, आख्खा मधला गोळा (गियरसकट) प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने बाहेर येतो. पुढचा गोळा काढायचा तर आधी दोन्ही चाकांकडचे शाफ्ट बाहेर ओढावे लागतात आणि शाफ्ट ओढायचे तर नकल उघडावेच लागतात. म्हणजे आत्ता नकल केलेस आणि सहा महिन्यांनी ४.५६ घालायचं ठरवलंस तर तेच नकल, तीच सील, तेच ग्रीस परत. म्हणून टायर आत्ताच नक्की कर. ३१ वर राहणार आणि ४.५६ घालणार असशील तर दोन जादा गोळे जुन्या गाड्यांमधून मिळव, टेबलावर ठेवून त्यांचे गियर, बेअरिंग नीट बसवून घे, मागच्यात लॉकरही तेव्हाच. तोवर तुझी गाडी रोज चालू. दोन्ही तयार झाले की शनिवार-रविवारी जुने काढ, नवे घाल, सोमवारी कामाला जा. रोजच्या गाडीसाठी या ॲक्सलची ही सगळ्यात मोठी सोय आहे.

गियर बसवायचं काम मात्र ज्याला दातांचा ठसा वाचता येतो आणि ज्याच्याकडे डायल गेज आहे त्याच्याकडूनच कर. माझा पहिला सेट एका गॅरेजने अंदाजाने बसवला होता, तीन महिन्यांत हायवेवर घुमायला लागला आणि दात पार निळे पडले होते.

ग्रीसगन:
गोळे जमवायला वेळ लागणार असेल तर तोवर रस्सा तसाच ठेवून डोंगरात जाऊ नकोस. रोजच्या रस्त्याला हब फ्री (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी) ठेवून चालेल, आठवड्याला डिफच्या ऑइलची लेव्हल बघत राहा. चाकाचा खेळ आहे तो व्हील बेअरिंगचा आहे की नकलच्या किंगपिन बेअरिंगचा ते ओळख, ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. व्हील बेअरिंग असेल तर ते या आठवड्यातच आवळून घे, ते थांबत नाही.

पाटेवाला:
सगळं उघडं असताना अजून एक छोटं काम, दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं तोंड). गरम डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते, मग ऑइल दुधाळ होतं. रबरी नळी लावून ब्रीदर वर नेऊन ठेव, पुढचा इंजिनाच्या खोलीत, मागचा हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत. तासाभराचं काम.

आणि कार्ब्युरेटरवाली आहे म्हणून सांगतो, खूप तिरक्या चढावर फ्लोटमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गुदमरतं. घाबरू नकोस, क्लच दाबून मागे सोडू नकोस, ब्रेक धर, इंजिन बंद पडलं तर गियरमध्येच राहू दे.

चौथं_चाक:
विंच येईपर्यंत निदान पुढे-मागे चेसीला बोल्ट केलेले नीट ओढायचे हुक लाव. टोईंगच्या गोळ्याला दोर अडकवून झटका मारायचा नाही, तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा काचेतून आत येतो. आणि टायरची हवा! कच्च्यात शिरताना ३२ पीएसआयची १८-२० वर आणलीस तर टायर दगडाला धरून चढतो, अर्ध्या लॉकरचं काम फुकटात होतं, गाडीचे गचकेही कमी. परत डांबरावर आलास की भरायचीच, कमी हवेत वेगात टायर तापतो. डांबर कोरडं असेल तर फोर व्हीलही काढून टाकायचा, या गाडीत मधला डिफ नाही, वळताना सगळं आवळून येतं.

टायर मड घेऊ नकोस, ऑल टेरेन घे. आठवड्यातले पाच-सहा दिवस तू डांबरावर आहेस.

कच्चा_रस्ता:
ठरलं मग. ब्रेक दाबून बघितलं, खेळ गेला, म्हणजे व्हील बेअरिंग, काल संध्याकाळी उघडून नवीन ग्रीस भरून आवळलं. टायर ३१ ऑल टेरेन, डिफ ४.५६, मागे हवेवरचा लॉकर. दोन गोळ्यांचा शोध सुरू केलाय, एक मिळालाय पण त्याचं बेअरिंग खराब आहे, ते तसंही बदलणारच. त्याच शनिवार-रविवारी नकल, ब्रीदर आणि हुक. पाटे त्याच्यानंतर, दोन इंच, पुढचे विंचचं वजन धरून. रॅक यादीतून काढला, सामान हौद्यात खालीच बांधेन.

एकच विचारायचं राहिलं, नकल उघडताना नवखा माणूस हमखास काय चुकवतो?

ग्रीसगन:
किंगपिन बेअरिंगखालच्या शिम (पातळ चकत्या). वरच्या वर, खालच्या खाली, आणि डाव्या-उजव्याची अजिबात सरमिसळ नको, शाफ्ट नकलच्या बरोबर मध्यावर बसतो तो त्यांच्यामुळेच. चार डब्या घे, प्रत्येकीवर मार्करने लिही आणि बोल्ट सोडायच्या आधीच लिहून ठेव, हात ग्रीसचे झाल्यावर कुणी लिहीत नाही. बोल्टखाली कोनासारखे वॉशर असतात, ते अडकून बसतात, ते पाचर घालून फोडू नकोस, स्टडच्या शेजारी पितळी ड्रिफ्टने एक जोरदार ठोका दिला की उडून बाहेर येतात. नट थोडा धाग्यावर ठेवूनच ठोक म्हणजे धागे वाचतात. ग्रीस मॉलिब्डेनमवालं घे, नकलच्या गोल घराचा पाऊण भाग भरेल एवढं. आणि फोटो टाक.